भोंग्याच्या डब्यातला रांजण

लातूर जिल्हा झाला तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले गेले. मी इतके खाल्ले की त्यानंतर आलेल्या दुष्काळात मला निम्मी तहान त्या पेढ्यांचीच लागत होती, असं आई म्हणायची. जिल्हा झाला म्हणून कचेऱ्या आल्या. कचेऱ्यांच्या मागं साहेब आले, साहेबांच्या मागं त्यांच्या बायका, मुलं, धुणंवाल्या आणि गुलाबाच्या कुंड्या आल्या. आमच्या गल्लीतली प्रत्येक रिकामी खोली भाड्यानं गेली. एका घरमालकानं तर जिन्याखालची जागासुद्धा एका कारकुनाला दिली आणि भाडेपावतीवर तिला 'हवेशीर' म्हटलं. सगळं आलं, फक्त पाईप नवा आला नाही. तालुक्याचा पाईप आणि जिल्ह्याची तहान, अशी गाठ पडली. त्यात पावसानं तोंड फिरवलं. मी खोटं बोलत नाही, त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या चिमण्या हंड्यात डोकावून हाक मारायच्या आणि हंडा त्यांना आतून उत्तर द्यायचा.

ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत त्यांना आमच्या दारातले खड्डे सांगावे लागतील. नळाला जोर नसला की पाणी वर चढत नाही. मग माणसानंच नळाला खाली न्यायचं. प्रत्येकानं दारापुढं खड्डा खणला, पाईप कापला आणि तोटी खड्ड्याच्या तळाशी बसवली. शेजाऱ्यानं एक हात खणला की आपण सव्वा हात खणायचा. शेजारच्या काकूंचा खड्डा तर एवढा खोल होता की त्या आत उतरताना घरच्यांचा निरोप घ्यायच्या.

खड्डे झाले, पण पाणी कधी येईल हे देवाला ठाऊक नव्हतं. व्हॉल्व्ह सोडणारा माणूस सायकलवर यायचा, कोपऱ्यावरच्या लोखंडी झाकणाखाली हात घालून चावी फिरवायचा आणि पुढच्या गल्लीकडं निघून जायचा. कधी सकाळी, कधी दुपारी, कधी दोन दिवसांआड, कधी त्याहून उशिरा. वरून जसं पाणी मिळेल तसं तो बिचारा सोडायचा. त्यामुळं घरातलं एक माणूस खड्ड्यापाशी कायमचं बांधलेलं असे. आमच्या आईनं स्वतःच्या सख्ख्या भाचीचं लग्न नळापायी चुकवलं. बहीण बोलेनाशी झाली. आणि त्या दिवशी पाणी आलंच नाही.

इथं मी आणि माझा जोडीदार गोष्टीत येतो.

जोडीदार म्हणजे धंद्यातला नव्हे, नादातला. तो गल्लीच्या पार शेवटच्या घरात राहायचा, मी मधल्या. तो शिलाई मशिनी दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात बसायचा, मी नव्या जिल्ह्याच्या नव्या कचेरीत टेम्पररी कारकून होतो. टेम्पररी एवढा की साहेब रोज सकाळी माझ्याकडं पाहून नव्यानं आश्चर्य करायचे. शाळेत असल्यापासून आम्हाला दोघांना एकच रोग लागला होता. पहिल्यांदा आम्ही एक रेडिओ केला. त्याला ना सेल, ना वीज. तांब्याच्या तारेचं वेटोळं, एक डायोड, कानाला लावायचा एक तुकडा आणि अंगणातल्या लिंबावर बांधलेली लांब तार. शेजारच्या काकू म्हणाल्या, "वाळत घालायला बरी हाय," आणि तिच्यावर लुगडं टाकलं. लुगडं काढलं तेव्हा कानात कुणीतरी बाजारभाव सांगू लागलं. हरभरा, तूर, करडई. जगात कुणीही करडईचा भाव ऐकून रडलेलं नसेल, आम्ही रडलो.

त्यानंतर ट्रान्झिस्टर आला. ट्रान्झिस्टर म्हणजे तीन पायांचा चौकीदार. एका पायाला मुंगीएवढा इशारा दिला की तो उरलेल्या दोन पायांतून हत्ती सोडतो. हे असले चौकीदार लातुरात मिळायचे नाहीत. त्यासाठी आम्ही नांदेडला जायचो, एसटीनं, अहमदपूरच्या रस्त्यानं हाडं खिळखिळी करत. तिथं जुन्या मोंढ्याच्या बाजूला एका बोळात एक म्हातारा मियाँ बसायचा. त्याच्या दुकानात जगातला प्रत्येक रेडिओ मरायला येत असावा. तो आम्हाला बघितल्याबरोबर म्हणायचा, "आ गए लातूर के साइंटिस्ट. जलाने कू क्या होना?" आम्ही जे नेऊ त्यातलं निम्मं आम्ही जाळतो हे त्याला पक्कं माहीत होतं. तारा डाखायची सोल्डरिंगची सळई दोघांत एकच. राळेचा तो धूर नाकात गेला की मला अजून भूक लागते.

एक सांगून ठेवतो, पुढं लागेल. सोल्डरचा ठिपका माणसाच्या अक्षरासारखा असतो. माझे ठिपके मोठे, फुगलेले, लग्नातल्या लाडवासारखे. जोडीदाराचे बारीक, चमकदार, टोकाशी किंचित उजवीकडं कलणारे. हजार ठिपक्यांत मी त्याचा ठिपका ओळखला असता.

तर पाण्याची अक्कल प्रथम कुणाला सुचली यावर आम्ही पुष्कळ भांडलो, आणि शेवटी दोघांना एकदमच सुचली असं ठरलं. कोपऱ्यावरच्या व्हॉल्व्हच्या खड्ड्यात पाईपचा एक सांधा होता. पाणी सोडलं की तो पाझरायचा, बंद केलं की सुकायचा. आम्ही त्या सांध्याखाली सायकलच्या चाकाच्या दोन आऱ्या शेजारी शेजारी बसवल्या. सांधा पाझरला की दोन्ही आऱ्या ओल्या होणार, त्या ओलीतून मुंगीएवढा करंट जाणार, चौकीदार जागा होणार, तो रिलेला, म्हणजे विजेच्या खटक्याला, ढकलणार आणि रिले भोंगा वाजवणार. भोंगा किल्लारीकडं भंगारात निघालेल्या एका जीपचा. त्याच जीपची बॅटरीही आणली. सगळं सामान बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात घालून किराणा दुकानाच्या भिंतीवर ठोकलं, डब्याला कुलूप लावलं. चाव्या दोन. एक माझ्याकडं, एक त्याच्याकडं.

किराणा दुकानवाले आप्पा आमच्या गल्लीचे न मागता झालेले सरपंच. कपाळावर भस्म, गळ्यात लिंग, आणि तोंडात कायम एक लवंग. त्यांनी डब्याकडं असं बघितलं जसं कुणी त्यांच्या भिंतीवर माकड बांधलंय.

"हे वाजंल कव्हा?"

"पाणी आलं की, आप्पा."

"आन् न्हाई वाजलं तर?"

"तर पाणी आलं न्हाई."

आप्पांनी लवंग गालात फिरवली. "म्हंजे दोन्हीकून तुमचंच खरं."

पहिल्यांदा भोंगा वाजला तो पाण्यानं नव्हे. एका कुत्र्यानं व्हॉल्व्हच्या झाकणाच्या भोकापाशी तंगडी वर केली आणि नेमका त्या आऱ्यांवर नेम धरला. सगळी गल्ली हंडे-घागरी घेऊन खड्ड्यात उतरली. नव्यानं राहायला आलेल्या एका साहेबांच्या बाईसाहेब तर केस धुवायच्या तयारीनं उतरल्या होत्या. आठवडाभर मला तोंड दाखवायला जागा नव्हती. आम्ही जाळी बसवली. मग मात्र पाणी आलं आणि भोंगा असा वाजला की, शपथेवर सांगतो, उदगीरच्या बाजारात म्हशींनी माना वर केल्या, आणि तिकडं धर्माबादेत एका माणसानं विचारलं, "बस आली का?"

त्या दिवशी संध्याकाळी आप्पांच्या पायरीवर गल्ली जमली आणि एक ठराव झाला. कागदावर नाही, आप्पांच्या दुकानातल्या नागवेलीच्या पानाला हात लावून. ठराव असा: भोंगा वाजेपर्यंत कुणीही तोटी उघडायची नाही. आधीच तोटी उघडी ठेवून बसायचं नाही, चोरून भरायचं नाही. तोटीला लाकडी बूच, आणि भोंगा वाजला की सगळ्यांनी एकदम काढायचं. न्याय म्हणजे न्याय. जोडीदारानं माझ्या शेजारीच पानाला हात लावला. मला अजून आठवतं, त्याच्या बोटांना राळेचा वास येत होता.

त्यानंतरचे दिवस म्हणजे आमचे सोन्याचे दिवस. बाया लग्नाला जाऊ लागल्या. आई भाचीकडं जाऊन आली, बहिणीशी बोलणं सुरू झालं. दुपारी गल्लीत झोपा लागू लागल्या. घोरण्यानं पत्रे हलायचे. लोक मला रस्त्यात थांबवून म्हणायचे, "तुमच्यामुळं बरं झालं बघा." कचेरीत साहेबांनी मला पहिल्यांदा ओळखलं. मी कुणालाही सांगायचो, एकट्यानं नाही, दोघांनी केलंय. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

मग हळूहळू काहीतरी बिघडू लागलं.

भोंगा वाजायचा, गल्ली खड्ड्यात उतरायची, घागर अर्धी भरायची आणि धार पातळ व्हायची. थोड्या वेळात नळ फुसफुस करून मान टाकायचा. आधी लोकांनी दुष्काळाला दोष दिला. दुष्काळ मोठा सोशिक. त्याच्यावर काहीही घालता येतं. पण एकदा व्हॉल्व्हवाला आप्पांच्या दुकानात बिडी घ्यायला थांबला होता आणि तेवढ्यात भोंगा वाजला. त्यानं दचकून विचारलं, "आता कामून वाजायलंय हे?"

आप्पा म्हणाले, "पाणी आलंय म्हणून."

"पाणी मी कव्हाच सोडलंय. पल्याडच्या दोन गल्ल्या सोडून आलो की मी! आता बंद करायची येळ झाली."

आप्पांच्या तोंडातली लवंग थांबली. आमच्या गल्लीत लवंग थांबणं म्हणजे कोर्टात घंटा होणं.

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट सगळ्या खड्ड्यांतून फिरली आणि परत आली तेव्हा तिला शेपूट फुटलं होतं. भोंगा उशिरा वाजतो, आणि भोंगा कुणी केला? मी. मग ज्यानं केला त्याच्या घरी आधी कळत असणार. शेजारच्या काकू आईला खड्ड्याच्या काठावर उभ्या राहून म्हणाल्या, "तुमचं काय बाई, घरचाच भोंगा हाय. आम्ही आपलं वाजल्यावर उठायचं."

त्याच दिवशी आईनं आमच्या घरातलं पाण्याचं पिंप ओढत ओढत दारापुढं आणून ठेवलं. झाकण काढून. येणाऱ्या-जाणाऱ्यानं बघावं आत किती आहे ते. माझी आई दारापुढं उघडं पिंप ठेवून बसली होती, चोर नसल्याचा पुरावा म्हणून. मी आयुष्यात पुष्कळ थापा मारल्या आहेत, त्यातल्या काही या लेखातही आहेत. ही थाप नाही.

आप्पांनी मला बोलावलं. "हे बघ बाबा, तू पोरगा चांगलास. पण गल्लीला शंका आलीया. आईतवारच्या आत नीट कर. न्हाई तर डबा काढू, पुन्हा पहिल्यासारखं बसू आपापल्या खड्ड्याशी. आन् मग कुणाच्या मनातलं मी काढू शकणार न्हाई."

मी जोडीदाराच्या दुकानात गेलो. म्हटलं, चल, दोघं मिळून डबा उघडू. तो एका मशिनीत डोकं घालून बसला होता. डोकं वर न काढताच म्हणाला, "सेल उतरले असतील गड्या. बॅटरी चार्ज करून आण. मला आज लई काम हाय."

"बॅटरी उतरली तर आवाज बसंल. उशीर कसा होईल?"

"मला काय माहीत? तूच मोठा साइंटिस्ट हायस."

हे त्या मियाँचं वाक्य होतं, पण त्याच्या तोंडात ते वेगळंच लागलं. तरी मला काही कळलं नाही. मी कुत्र्याचासुद्धा संशय घेतला, त्याचा नाही घेतला.

आईतवारी दुपारी मी एकटाच स्टूल घेऊन भिंतीपाशी गेलो. ऊन असं की कुलपानं चावी धरली आणि सोडेना. डबा उघडला. आमचा चौकीदार होता, रिले होता, माझे लाडू होते, त्याचे बारीक ठिपके होते. आणि चौकीदाराच्या पायाशी, मी कधीही न पाहिलेला, अंगठ्याएवढा जाड एक कपॅसिटर बसला होता.

कपॅसिटर म्हणजे विजेचा रांजण. करंट आला की तो आधी स्वतः पितो. त्याचं पोट भरेपर्यंत पुढं थेंब जाऊ देत नाही. मोठा रांजण आणि बारीक धार असली की भरायला भरपूर वेळ लागतो. म्हणजे आऱ्या ओल्या झाल्याबरोबर इशारा निघत होता, पण तो इशारा या रांजणात पडून राहत होता, आणि तो भरून वाहिला की मग भोंगा. तोवर पाणी पाईपातून येऊन जायचं.

त्या रांजणाचे दोन्ही पाय बारीक, चमकदार ठिपक्यांनी जोडले होते. टोकाशी किंचित उजवीकडं कललेले.

मी स्टुलावरच बसलो. आप्पांनी आतून विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "ऊन लागलं." खरंच लागलं होतं, पण आतून.

मग मला ती तार दिसली. रांजणाच्या अलीकडून, म्हणजे इशारा जिथं ताजा असतो तिथून, एक तार डब्याच्या मागच्या भोकातून बाहेर पडत होती. जळालेल्या मोटारीतून उलगडलेली, केसाएवढी, भिंतीच्याच रंगाची. पत्र्याच्या कडेनं ती पुढं गेली होती. मी मान वर करून तिच्या मागं चालू लागलो. काकूंच्या पत्र्यावरून, साहेबांच्या कुंड्यांच्या वरून, वाळत घातलेल्या शेवयांच्या पलीकडून. बाया दारांतून माना बाहेर काढून बघू लागल्या.

"वर काय बघायलास रे?"

"ढग," मी म्हणालो.

सगळ्यांनी वर पाहिलं. दुष्काळात असं कुणाला म्हणू नये, पण दुसरं काही सुचलं नाही.

तार गल्लीच्या शेवटच्या घरात उतरली. खिडकीतून आत, चुलीच्या वरच्या फळीवर. तिथं बॅटरीचा एक चिमुकला बल्ब, दोन सेल, एक चौकीदार. आणि दुसरी तार? कुठल्याही सर्किटला जायला एक तार लागते आणि परत यायला एक. मी परतीची तार शोधली, ती नव्हतीच. मग दिसलं की त्यानं बल्बाचं दुसरं टोक सरळ नळाच्या पाईपाला गुंडाळलं होतं. कोपऱ्यापासून घरापर्यंत जमिनीखालून जाणारा सगळा लोखंडी पाईप त्यानं परतीची तार म्हणून वापरला होता. आमच्याच पाण्याच्या पाईपातून त्यानं आमचं पाणी चोरायचा इशारा नेला होता. काय डोकं! त्या क्षणी मला त्याला मिठी मारावीशी वाटली आणि त्याच मिठीत त्याचा गळा आवळावासा वाटला.

त्याची आई आत होती. तिला मी मावशी म्हणायचो. पाटा धूत होती. पाण्यानं. त्या उन्हाळ्यात आम्ही पाटा राखेनं पुसायचो.

"ये बाबा, ये," ती म्हणाली. "दिव्याचं बघायला आलास व्हय? लई बेस चालतोय. लागला की मी उठते आन् तोटी उघडते. आता घरात पाणी हाय बघ, तुझ्या पुण्याईनं."

"माझ्या?"

"मग? तूच करून दिलास म्हणं. हा म्हणाला, त्यानं आपल्यासाठी म्हणून येगळा दिवा केलाय, कुणाला सांगू नको, लोक जळतील. मी न्हाई सांगितलं कुणाला." आणि तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली.

चोरीला नाव माझं, आणि बोटं मोडून आशीर्वादही मला.

तेवढ्यात तो परसातून आला. मला बघून दारातच थांबला. मी फळीकडं बोट दाखवलं. त्यानं आईकडं पाहिलं, आणि मला हाताला धरून परसात नेलं.

"कामून केलंस?" मी विचारलं.

"सगळे एकदम बूच काढायलेत," तो म्हणाला. "मधल्या सगळ्या घरांनी ओढून घेतल्यावर शेवटाला काय राहतंय? तुमचा भोंगा वाजायला लागल्यापासून आमच्या खड्ड्यात थेंब न्हाई. पहिलं आई रात्रंदिवस बसून तरी भरायची. न्याय करायलेत म्हणं सगळे. आमच्या तोटीत नुसता वारा."

"मला सांगायचं होतंस."

"सांगून काय केलं असतंस?"

"केलं असतं काहीतरी! दोन भोंगे केले असते. पहिला बारका, शेवटच्या घरासाठी, मग मोठा. एक दुपारचं काम! लेका, तू हे सगळं एकट्यानं केलंस, ही तार, हा पाईप, आणि मला सांगायला तोंड नव्हतं तुला?"

तो खाली बघत म्हणाला, "तुझं तोंड सगळ्या गावाला माहीत हाय. तू सांगितलं असतंस."

हे खरं की खोटं, मी आजवर ठरवू शकलो नाही. पण तिथं उभा राहून मी त्याला म्हणालो, "ठीक. मी बाहेर जाऊन सांगतो, एक पार्ट आपोआप खराब झाला होता, कुणाचा दोष नाही. आणि शेवटच्या घराला आधी उघडू द्या असं आप्पांना पटवतो. तू फक्त गप्प बस." त्यानं मान हलवली.

बाहेर आलो तर गल्ली आमच्या मागं मागं येऊन दारात उभी. काकू, साहेबांच्या बाईसाहेब, आप्पा सगळ्यांत पुढं, आणि सगळ्यांत मागं माझी आई, पदर डोक्यावर घट्ट.

"सापडलं का?" आप्पांनी विचारलं.

मी तोंड उघडलं. मी माझ्या आयुष्यात पहिल्यांदा बोलायला उशीर केला, एक श्वास घेण्याएवढा. तेवढ्यात जोडीदार म्हणाला, "सापडलं आप्पा. ह्याच्या हातून चुकून एक पार्ट जास्तीचा जोडला गेला होता. मोठा कपॅसिटर. ह्याला कळलं न्हाई. मी आता काढून टाकतो."

आणि तो सरळ कोपऱ्याकडं चालायला लागला. सगळी गल्ली त्याच्या मागं. त्यानं स्वतःची चावी काढली, डबा उघडला, रांजण तोडला आणि हातात धरून सगळ्यांना दाखवला, जसा सापवाला सापाचा दात दाखवतो. मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिलो. आता वळेल, डोळा मारेल, म्हणेल 'थट्टा केली रे'. तो रांजणाकडंच बघत होता.

काकू म्हणाल्या, "व्हय बाई, हा पोरगा गप असतो पण कामाचा हाय."

आप्पा माझ्याकडं वळले, आणि आवाज मऊ करून म्हणाले, "चूक माणसाच्याच हातून होती. तू वाईट वाटून घेऊ नको. पण चावी आता ह्याच्याकडंच राहू दे. दोन्ही."

माझ्या डोक्यावर ती तार होती. केसाएवढी, पण उन्हात चकाकत होती. मी नुसतं बोट वर केलं असतं तर त्या घराचं पाणी आप्पांनी त्याच दिवशी तोडलं असतं, आणि पाटा धुणारी ती बाई उभ्या गल्लीपुढं चोर ठरली असती. मागं माझी आई उभी होती, जी आधीच चोर ठरून बसली होती आणि आता फक्त येड्याची आई ठरली होती. त्यातल्या त्यात ती सुटलीच म्हणायची. मी खिशातून चावी काढून आप्पांच्या हातावर ठेवली.

घरी जाऊन आईला सगळं सांगितलं. तिनं पिंपावर झाकण ठेवलं आणि म्हणाली, "त्याच्या आईला कळू देऊ नको."

भोंगा मग वेळेवर वाजू लागला. गल्ली खूश. आमच्या घागरी भरू लागल्या. मी सोल्डरिंग माळ्यावर टाकलं. कुणी रेडिओ घेऊन आला की सांगायचो, माझ्या हातून चुकून पार्ट जास्तीचे लागतात. लोक हसायचे. मीही सगळ्यांत मोठ्यानं हसायचो, कारण तेवढंच मला येतं.

थोड्या दिवसांनी, सकाळी कचेरीला निघताना, दारात मावशी उभी. कमरेवर रिकामी घागर.

"बाबा, दिवा लागतोय रे," ती म्हणाली. "पण लागला की लगेच भोंगा बी वाजतोय. आन् पाणी येतच न्हाई. तुझ्या दिव्याचं काय बिघडलंय बघ की जरा."

मी म्हणालो, "मावशी, डब्याची चावी आता त्याच्याकडं हाय."

"हाव, माहीत हाय. त्यानंच पाठवलंय मला तुझ्याकडं. म्हणाला, जा, त्याला सांग, तो तुला न्हाई म्हणणार न्हाई."

आई चुलीपासून उठून दारात आली. मी काही बोललो असतो तर ते फार मोठ्यानं बोललो असतो, कोपऱ्यापर्यंत ऐकू गेलं असतं. मी तिची घागर घेतली, आमच्या पिंपात बुडवली, काठोकाठ भरली आणि तिच्या कमरेवर ठेवली. थोडं पाणी तिच्या पायावर सांडलं. तिनं पाय मागं घेतला, पाण्याची नासाडी झाली म्हणून.

"रोज सकाळी येत जा, मावशी," मी म्हणालो. "पण तुम्हीच या. त्याला पाठवू नका."

तिनं माझ्याकडं पाहिलं, मग आईकडं. कामून, असं तिनं विचारलं नाही. घागर सावरली आणि खड्डे चुकवत, भिंतीच्या कडेकडेनं, आपल्या घराकडं गेली.